जात्यांची फरशी

ही गोष्ट नेमकी कधीची, ते मला विचारू नका. फार जुनी आहे, एवढे नक्की. तुमच्या पणजोबांच्या पणजोबांनी जर ती ऐकली असेल, तर त्यांनीही ती जुनी म्हणूनच ऐकली असणार.

समुद्रापलीकडे एक धुक्याचे राज्य होते. तिथले लोक सातू पेरत, मेंढ्या राखत आणि हिवाळाभर चुलीला चिकटून बसत. त्या राज्यात एका टेकडीवर एक मठ होता. मठ देवाचा होता, पण आसपासची शेते, ओढे, कुरणे आणि त्यांत राबणारी माणसे महंताची होती. निदान महंताला तसे वाटे, आणि ज्याच्या हाताखाली शिपाई असतात त्याला जे वाटते ते बराच काळ खरे ठरते.

टेकडीखालच्या ओढ्यावर मठाची पाणचक्की होती. एका महंताने नियम काढला, की मठाच्या हद्दीत कोणी घरी दळायचे नाही. सगळ्यांनी धान्य पाणचक्कीवर आणायचे आणि दळणातला वाटा मठासाठी ठेवायचा. लोक आधी हसले. घरात जाते असताना ओढ्यापर्यंत तंगडतोड कोण करणार? तेव्हा महंताने शिपाई पाठवले. त्यांनी घरोघरचे जाते उचलून नेले, आणि जाते घडवणाऱ्या पाथरवटांना मुलुखाबाहेर हाकलून दिले.

महंत एवढ्यावर थांबला असता तर कदाचित लोक विसरलेही असते. पण जिंकलेल्या माणसाला आपण जिंकलो हे दाखवायची भारी हौस असते. त्याने ते सगळे दगड आपल्या बैठकीच्या दालनात चुन्यात बसवले आणि त्यांची फरशी केली. तेव्हापासून गावातल्या कोणालाही महंतापुढे उभे राहायचे झाले, की स्वतःच्या आईच्या किंवा आजीच्या जात्यावर पाय ठेवून उभे राहावे लागे. दळणाचा वाटा घेणे हा लोभ होता, तो मी समजू शकतो. ही फरशी मात्र निव्वळ दुष्टपणा होता.

तो महंत गेला, त्याच्या जागी दुसरा आला. फरशी तशीच राहिली.

त्या गावात घरे शाकारणारा एक गडी होता. छपरावर गवत अंथरायचे, दाबायचे, बांधायचे, हा त्याचा धंदा. माणूस कष्टाळू, बोलायला मोकळा, आणि उंचावर काम करत असल्यामुळे गावातल्या प्रत्येक घरात काय शिजते आहे हे त्याला ठाऊक असे. घरी त्याची म्हातारी आई होती. तिचे गुडघे धरले होते, त्यामुळे तिला पाणचक्कीपर्यंत जाता येत नसे. मुलगाच दळण आणायचा. ती त्या पिठात बोटे फिरवायची, त्यातली कच चिमटीत धरून बाजूला टाकायची आणि भाकरी थापायची.

एकदा पावसाळ्याच्या तोंडावर मठाचे छप्पर गळायला लागले, म्हणून शाकारणाऱ्याला वेठीला बोलावले. गळती कुठे आहे ते पाहायला तो दालनात गेला. फरशीवर पाय टाकताना त्याची नजर एका दगडावर पडली. दगडाच्या कडेला चंद्रकोरीसारखा टवका उडालेला होता. त्याने ताबडतोब पायातले जोडे काढून हातात घेतले.

संध्याकाळी त्याने आईला विचारले, "आई, आपल्या जात्याला टवका होता ना गं?"

"होता. मी नवी नवरी होते. माझ्या हातून ते उंबऱ्यावर पडलं. सासूबाई मला काहीच बोलल्या नाहीत, त्याचंच मला जास्त रडू आलं." तिने मुलाकडे पाहिले. "का रे?"

"मी पाहिलं ते. महंताच्या दालनात आहे."

म्हातारीने हातातले काम बाजूला ठेवले. मग म्हणाली, "कुठल्या बाजूला आहे?"

"खिडकीपाशी."

"म्हणजे ऊन लागत असेल त्याला," ती म्हणाली. मग तिने मुलाच्या हातावर हात ठेवला. "मला मरायच्या आधी एकदा माझ्या जात्यावर दळायचंय. आणशील?"

"आणीन," तो म्हणाला. मुलगे आईला असे शब्द फार सहज देतात. पण याने दिलेला शब्द मनात धरून ठेवला.

त्याच दिवसांत गावोगाव फिरणारा एक गोसावी तिकडे आला. त्याच्या अंगावर धड वस्त्र नव्हते, पण आवाज असा होता, की चालत्या गाडीचे बैल थांबून ऐकत. शाकारणाऱ्याने त्याला फरशीची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी बाजारात पिंपावर चढून गोसावी म्हणाला, "बाबांनो, तुमच्या आया जिथं बसून गात होत्या, त्या दगडावर तुम्ही मान खाली घालून उभे राहता. मान खाली आहेच, तर पायाखाली काय आहे ते तरी नीट बघा!"

ठिणगी पडायला एवढे पुरे झाले. एका गावाचे पाहून दुसरे गाव उठले. कोयते, पहारी, घण, जे हाती लागले ते घेऊन लोक टेकडीकडे निघाले. पुढे शाकारणारा आणि त्याच्या शेजारी गोसावी. एकाकडे हात होते आणि दुसऱ्याकडे जीभ, त्यामुळे दोघे मिळून एक चांगला पुढारी तयार झाला.

मठात कोणाला मारायचे नाही, कोठारातला दाणा चोरायचा नाही, असे शाकारणाऱ्याने सगळ्यांना बजावले होते आणि लोकांनी ते पाळले. मारायला तसेही कोणी नव्हते. महंत मागच्या दाराने घोड्यावर बसून राजधानीकडे पळाला होता.

लोकांनी दालनात शिरून पहारी चालवल्या. चुना उखडला, एकेक दगड सुटा झाला, आणि कित्येक वर्षांनी त्या दगडांची दळणारी बाजू वर आली. बायाबापड्या त्यांवरून हात फिरवून रडल्या. सांगताना मलाही भरून येते.

पण रडणे संपल्यावर भांडण सुरू झाले. कोणता दगड कोणाचा? वरचा दगड एका कोपऱ्यात, खालचा दुसऱ्या कोपऱ्यात. ज्यांनी ते वापरले होते त्यांतल्या कितीतरी बाया आता हयात नव्हत्या. वरच्या आळीची एक बाई म्हणाली हे माझ्या आजीचे, खालच्या आळीची म्हणाली माझ्या सासूचे. दोघी एकाच दगडाला धरून ओढू लागल्या. त्यांचे नवरे मध्ये पडले. एकाने पहार उगारली. सकाळी खांद्याला खांदा लावून आलेली माणसे दुपारी एकमेकांच्या उरावर बसायला निघाली होती.

गोसावी शाकारणाऱ्याला बाजूला घेऊन म्हणाला, "गड्या, हे आता फुटणार. राजाचे शिपाई यायच्या आत आपणच एकमेकांची डोकी फोडणार. याला एकच उपाय आहे. सुगीची भाकरी."

त्या मुलुखात एक रीत होती. सुगी संपली की सगळे गाव मिळून एक भली मोठी भाकरी भाजायचे. ती मोडून प्रत्येकाच्या हातावर एक तुकडा ठेवायचे. ज्यांनी एका भाकरीचा तुकडा खाल्ला, त्यांनी पुढच्या सुगीपर्यंत भांडायचे नाही. ही रीत कोणी मोडत नसे.

"तसेच हे दगड फोडू," गोसावी म्हणाला. "प्रत्येकाला एकेक तुकडा. कोणाला जास्त नाही, कोणाला कमी नाही."

शाकारणाऱ्याने खिडकीकडे पाहिले. खिडकीपाशी त्याला त्याच्या आईचे जाते सापडले होते, टवक्यासकट. त्याचे नशीब असे, की दोन्ही दगड शेजारी शेजारी बसवलेले होते. ते उचलून तो सरळ घरी जाऊ शकला असता. पण मग लोक काय म्हणाले असते? आमचे फोडले आणि आपले तेवढे जपून नेले, असेच म्हणाले असते, आणि त्यांचे चुकलेही नसते.

त्याने घण उचलला आणि पहिला घाव आईच्या जात्यावर घातला.

मग एकच जयघोष झाला. घणामागून घण पडू लागले. पहार उगारणारा माणूस ज्याच्यावर ती उगारली होती त्याच्या गळ्यात पडला. गोसाव्याने देवाचे नाव घेऊन प्रत्येकाच्या ओंजळीत दगडाचा एकेक तुकडा ठेवला, आणि लोकांनी तो कपाळाला लावला. एवढा सुंदर दिवस त्या मुलुखाने कधी पाहिला नव्हता. त्यांनी केलेली चूकही त्या सुंदरपणातच लपून गेली.

शाकारणारा घरी आला, तेव्हा आईने अंगणात पाण्याचा सडा घातला होता आणि सातू निवडून सूप मांडीवर घेऊन बसली होती. त्याने फडक्यात गुंडाळलेला तुकडा तिच्यापुढे ठेवला. टवक्याजवळचाच तुकडा त्याने मागून घेतला होता.

"हे काय?" तिने विचारले.

"तुझं जातं, आई. आम्ही सगळ्यांनी सारखं वाटून घेतलं. सुगीच्या भाकरीसारखं."

म्हातारीने तुकडा उचलून उलटसुलट करून पाहिला. "भाकरी मोडली तर ज्याच्या त्याच्या हातात भाकरीच येते रे," ती म्हणाली. "पोरा, मी तुझ्याकडे जातं मागितलं होतं."

ती रागावली नाही. तिने सुपातले सातू परत मडक्यात ओतले, आणि दार वाऱ्याने आपटत होते म्हणून तो तुकडा दाराला लावून ठेवला. शाकारणाऱ्याला त्या दिवशी जेवण गेले नाही.

दोनचार दिवसांनी स्वतः राजा आला. अजून मिसरूडही न फुटलेला, पण बोलणे मोठे गोड. माळावर जमलेल्या लोकांना तो म्हणाला, "तुमचे दगड तुमचे. आजपासून ज्याने त्याने आपल्या घरी दळावे. पाणचक्कीची सक्ती संपली." लोकांनी टोप्या हवेत उडवल्या. राजा राजधानीला गेला, लोक आपापल्या घरी गेले आणि आपापला तुकडा त्यांनी देव्हाऱ्यात ठेवला. कोणी त्याला फुले वाहिली, कोणी लोणी माखले. पोरे एकमेकांना दाखवू लागली, की आमचा तुकडा तुमच्यापेक्षा काळा आहे.

आणि मग घराघरातले पीठ संपले.

काहींनी सातू उखळात कुटून पाहिले, काहींनी नुसते उकडून खाल्ले. म्हाताऱ्यांना चावेना, मुलांची पोटे दुखू लागली. शेवटी एक जण धान्याचे पोते घेऊन, आपल्याला कोणी पाहत नाही असे समजून, आडवाटेने पाणचक्कीवर गेला. तिथे त्याला त्याचा शेजारी भेटला. तोही कोणी पाहत नाही असेच समजून आलेला होता. मग लाज गेली. पाणचक्कीपुढे पूर्वीसारखीच रांग लागली, आणि चक्कीवाला पूर्वीसारखाच वाटा काढून घेऊ लागला.

शाकारणारा दारोदार फिरला. "अरे, आपण नवं जातं घडवू. जमेल तसं घडवू. माझ्याबरोबर चला."

लोक म्हणाले, "दादा, पाथरवटाचं काम आपल्याला कुठलं जमायला? आणि आता घाई काय आहे? राजानं शब्द दिलाय." एकाने तर देव्हाऱ्याकडे बोट दाखवले. "आमच्याकडं आहे की जातं."

तेव्हा त्याने एकट्यानेच ओढ्याच्या घळीतून काळा दगड पाठीवर वाहून आणला. त्याचे हात गवताला सरावलेले, त्यांना दगड कसा कळावा? पहिला दगड मधोमध तडकला. दुसरा त्याने घासून घासून इतका गुळगुळीत केला, की दाणा नुसताच घरंगळून बाहेर पडे. म्हातारी शेजारी बसून तळहाताने दगड चाचपायची. "ओरखडे पाड त्याला," ती म्हणायची. "दाण्याला धरायला काही नको का?" आठवणीतले जाते ती अशी बोटांनी सांगत गेली आणि तो घडवत गेला. आपण कुठे चुकलो ते त्याला एकेका ठोक्याबरोबर कळत होते.

इकडे महंत मठात परत आला होता. दालनात आता उखडलेली माती होती. खिडकीत उभे राहून तो पाणचक्कीपुढची रांग पाहत असे, आणि त्याला शिपायांची गरजच वाटेनाशी झाली. त्याने राजाला निरोप धाडला, "आपण दिलेली सवलत कोणी वापरतच नाही."

"मग ती काढून घेतली तर कोणाचे काय जाते?" राजा म्हणाला, आणि त्याने ती काढून घेतली.

या वेळी एकही गाव उठले नाही. ज्याच्या अंगरख्यावर पाणचक्कीचे पीठ उडालेले आहे, तो कोणत्या तोंडाने उठणार? महंताने हुकूम काढला, की दगडाचा प्रत्येक तुकडा मठात आणून द्यायचा. लोकांनी देव्हाऱ्यातून तुकडे काढले, फुले झटकली आणि मुकाट्याने नेऊन दिले.

बंड पेटवल्याबद्दल गोसाव्याला राजाच्या सैनिकांनी रस्त्यात पकडले. मग ते शाकारणाऱ्याच्या घरी आले. तुकडा मागितल्यावर म्हातारी म्हणाली, "दाराला लावलाय, न्या. आता दार आपटेल, एवढंच." घराच्या कोपऱ्यात शाकारणीच्या गवताचा ढीग होता. त्याखाली आदल्याच दिवशी पुरे झालेले नवे जाते होते. तिकडे कोणी पाहिले नाही. ते मुलाला तेवढे घेऊन गेले.

दोघा पुढाऱ्यांना वेशीबाहेरच्या झाडाशी फाशी द्यायचे ठरले. त्या सकाळी म्हातारी दुखरे गुडघे ओढत तिथपर्यंत चालत गेली. तिने फडक्यात भाकरी बांधून आणली होती. सैनिकांतही कोणाला आई असतेच. त्यांनी तिला पुढे जाऊ दिले.

मुलाने एक घास गोसाव्याला भरवला, एक स्वतः खाल्ला. त्याला चव ओळखू आली.

"आई, जरा जाड दळलंय गं," तो म्हणाला.

"दगड तूच घडवलास," ती म्हणाली.

तो हसला. तीही हसली. मग तिने पिठाचा हात त्याच्या गालावरून फिरवला आणि ती बाजूला झाली. ती रडली की नाही, हे गोष्टीत सांगितलेले नाही. न सांगताही ते आपल्याला कळते.

काही दिवसांनी म्हातारीच्या शेजारणीला भिंतीपलीकडून घरघर ऐकू आली. ती सातूची टोपली घेऊन हळूच आत आली. "आजी, माझंही एवढं दळून घेऊ का?"

"आज घे," म्हातारी म्हणाली. "उद्या मात्र टोपलीत दगड घेऊन ये. कसा तडकतो, कसा गुळगुळीत होतो, कुठे ओरखडे पाडायचे, सगळं दाखवते. माझा पोरगा चुकून चुकून शिकला, तुम्हाला तेवढं चुकावं लागणार नाही."

शेजारीण शिकली. तिने बहिणीला शिकवले, बहिणीने नणंदेला. हिवाळा संपेपर्यंत वरच्या आळीत आणि खालच्या आळीत पहाटेपासून घरघर सुरू झाली. आपले जाते कोणते, यावरून आता भांडण नव्हते. जिने तिने स्वतःच घडवलेले होते.

महंताने शिपाई पाठवले. शिपाई जाते उचलून नेत, आणि पुढच्या आठवड्यात त्याच घरात नवे जाते फिरत असे. दगड घळीत हवे तेवढे होते आणि ते घडवायची विद्या बायकांच्या हातात होती. हात काही उचलून नेता येत नाहीत. हळूहळू शिपाईही उशिरा निघू लागले, कारण पहाटे त्यांच्याही बायका दळत असत आणि भाकरी खाल्ल्याशिवाय त्यांना निघता येत नसे. पाणचक्कीच्या चाकावर शेवाळ चढले. नियम कोणी रद्द केला नाही, पण तो पाळायला कोणी उरले नाही.

महंताच्या दालनात मात्र पुन्हा फरशी झाली, गोळा केलेल्या तुकड्यांची. ती इतकी खडबडीत झाली, की महंताची खुर्ची तिच्यावर शेवटपर्यंत कधी सरळ उभी राहिली नाही. तो बसला की डुगडुगे. आणि खिडकीतून घरघर ऐकू येई.

म्हातारी त्यानंतर बरीच वर्षे जगली. रोज दळायला बसताना ती पहिला घास मुलाच्या नावाने जात्यात घालायची.

तात्पर्य: मिळवलेला हक्क देव्हाऱ्यात ठेवून टिकत नाही, तो रोज हाताने वापरावा लागतो.